काळ्या दख्खनी मेंढ्यांचा छोटा कळप: सुरुवात मेंढ्यापासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खटाव तालुक्याच्या पूर्व भागात चार एकर जिरायत जमीन आहे, लागून गावचा माळ आहे, घरात सांभाळायला दोन माणसं आहेत. वीसेक अस्सल काळ्या दख्खनी मेंढ्यांचा कळप उभा करायचा आहे. मेंढ्या कुठून आणायच्या, अस्सल कशा ओळखायच्या, मेंढे किती ठेवायचे, जुळी कोकरं होतात का, शेड केवढं बांधायचं, लोकरीचं काय करायचं, अनुदान मिळतं का आणि यात पैसे सुटतील का?

मी पशुवैद्यक आहे. माणदेशातल्या मेंढपाळांच्या वाड्यांवर, म्हणजे कळप घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुक्कामांवर, बरीच वर्षं काम केलं आणि घरीही काळा कळप आहे. तुम्ही शेडबद्दल सविस्तर विचारलंय आणि मेंढ्यांबद्दल, म्हणजे नरांबद्दल, ओझरतं. मी उलट्या क्रमाने उत्तर देते, कारण या कामात नर हीच मुख्य गोष्ट आहे.

वीस मेंढ्यांनी जात वाचत नाही. जात टिकते ती वाड्यांवर, शेकड्यांनी मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने चालणाऱ्या कुटुंबांकडे. तुमचा कळप त्या वाड्यांना जोडलेला असेल तरच त्याचा उपयोग आहे. तो कसा जोडायचा हे कळायला काळी दख्खनी कमी का झाली ते पाहावं लागेल.

दख्खनी ही महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या पठारावरची मेंढी. अंगाने लहान, पायाने काटक, काळी किंवा काळ्यावर थोडं पांढरं. मोठी मेंढी साधारण २८ ते ३० किलोची, मेंढा ४० किलोच्या आसपास. लोकर जाडीभरडी, पण पावसात घोंगडी होऊन माणसाला तारणारी. एके काळी वाड्याचं अर्थकारण तीन पायांवर उभं होतं: लोकर, कोकरं आणि शेतात मेंढरं बसवल्याचं धान्य किंवा पैसे. यातला लोकरीचा पाय मोडला. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीची जागा घेतली, आणि आज बऱ्याच ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही. मग उरलं मटण. मटणासाठी जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, लांब कानांची, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांची मेंढी सरस ठरते. तिचं कोकरू जन्मतःच मोठं असतं आणि झपाट्याने वाढतं. मेंढपाळाने काळा मेंढा काढून माडग्याळ नर कळपात सोडला, तर त्याला दोष देण्यासारखं काही नाही. घर त्यावर चालतं.

पण नर बदलला की तिसऱ्या-चौथ्या पिढीत कळप बदलतो. काळ्या नर-कोकरांचं दुसरंही एक दुखणं आहे. ती तीन-चार महिन्यांची झाली की खाटकाला जातात, कारण वाड्यावर रोख पैसा त्यांच्यातूनच येतो. निवड करून, दोन वर्षं सांभाळून, चांगला पोसलेला काळा मेंढा तयार करायला लागणारी सवड आणि पैसा फिरत्या कुटुंबाकडे नसतो. काळ्या मेंढ्या अजून पुष्कळ वाड्यांवर दिसतात. त्यांना देण्यासारखा चांगला काळा मेंढा मात्र शोधून मिळत नाही.

तुमच्यासारख्या माणसाची जागा नेमकी इथे आहे. तुमच्याकडे एका ठिकाणी राहण्याची सोय आहे, नोंद ठेवण्याची सवय असेल, आणि पाच कोकरं उशिरा विकली तर चूल बंद पडणार नाही. तुम्ही मेंढे तयार करा आणि वाड्यांना द्या. याच हिशेबाने पुढचं सगळं सांगते.

मेंढ्या आणायला बाजारात जाऊ नका. लोणंद, आटपाडी हे मोठे बाजार आहेत, मटणाच्या खरेदी-विक्रीला उत्तम. पण पैदाशीची चांगली मेंढी मेंढपाळ बाजारात आणत नाही. बाजारात येते ती बहुतेक वेळा सड गेलेली, दोनदा गाभडलेली, दात झिजलेली किंवा कोकराला न पाजणारी. शिवाय एका दिवसात चार जिल्ह्यांचे रोग तिथे एकत्र येतात. वाड्यावर जा. माण, खटाव, फलटण, आटपाडी भागातले बहुतेक वाडे दिवाळीनंतर कोकणात किंवा बागायती पट्ट्यात उतरतात आणि पावसाच्या आधी परततात. पावसाळ्यात ते घराजवळ असतात. आषाढ-श्रावणात गेलात तर मेंढी, तिची आई आणि तिचं कोकरू एकाच कळपात बघायला मिळतं, आणि तसं बघितल्याशिवाय घेऊ नका. घरातल्या बाईशी आवर्जून बोला. कोणती मेंढी पहिलटकरीण असताना कोकराला कशी वागली, कोणतीला दूध कमी, कोणती दर वर्षी वेळेवर लागते, हे तिला तोंडपाठ असतं. पुरुष भाव सांगतील, ती मेंढी सांगेल.

सगळ्या मेंढ्या एकाच वाड्यावरून घेऊ नका. एका वाड्यावर चार-पाच वर्षं एक-दोनच मेंढे चाललेले असतात, म्हणजे तिथल्या निम्म्या तरुण मेंढ्या सावत्र बहिणी निघतात. तीन वेगवेगळ्या वाड्यांवरून, शक्यतो वेगवेगळ्या गावांतून घ्या. दोनदाती किंवा चारदाती मेंढी घ्यावी. म्हणजे साधारण सव्वा ते दोन-अडीच वर्षांची. जबड्याचे पुढचे सगळे दात जुळलेले असतील तर ती चार वर्षांच्या घरात आहे. तीही चालेल, पण किंमत तशी द्या. एकदा व्यालेली आणि कोकरू वाढवलेली असेल तर उत्तम. कास दोन्ही हातांनी दाबून बघा. गाठ लागली तर नको. खुरं उचलून बघा, वास घ्या. खालची पापणी उलटून आतला रंग बघा. लालसर हवा, पांढरट असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत.

अस्सल कशी ओळखायची, हे तुम्ही विचारलंय. पाय उंच, कान लांब लोंबते, नाकाचा बाक फार मोठा आणि अंगावर लोकरीऐवजी केस असतील, तर माडग्याळचं रक्त आलेलं आहे. दख्खनीच्या पोटावर आणि पायांवर लोकर नसते, त्यावरून मेंढी नाकारू नका. तो जातीचाच गुण आहे. उन्हाने लोकरीची टोकं तांबूस पडतात, वयाबरोबर करडेपणा येतो, तेही ठीक. कपाळावरचा किंवा शेपटीच्या टोकाचा पांढरा ठिपका मी कधी दोष मानत नाही. काही हौशी लोक नखशिखांत कोळशासारखी काळीच मेंढी हवी म्हणून अडून बसतात आणि त्या नादात चांगल्या मातृत्वाच्या, काटक मेंढ्या सोडून देतात. रंग कातडीपुरता असतो. दुष्काळात माळावर चालून, उरलंसुरलं खाऊन दर वर्षी कोकरू वाढवणं, हा या जातीचा खरा गुण आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आता मेंढे. इथे जरा हिशेब करू, कारण बहुतेक छोटे कळप इथेच बुडतात. व्यवहारात २५ ते ३० मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. राज्य सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतही २० मेंढ्या आणि १ मेंढा असाच गट दिला जातो. कोकरं मिळवण्यासाठी ते पुरेसं आहे. जात सांभाळायची असेल तर ते अजिबात पुरेसं नाही.

पुढच्या पिढीत प्रत्येक कोकराची निम्मी रक्तरेषा बापाकडून येते. वीस आया असल्या तरी बाप एकच असेल, तर सगळी कोकरं सावत्र भावंडं. नर आणि माद्यांची संख्या असमान असते तेव्हा कळपाची परिणामकारक संख्या काढण्याचं एक साधं सूत्र आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले नर अधिक माद्या. वीस मेंढ्या आणि एक मेंढा घातला तर उत्तर येतं ३.८. म्हणजे तुमच्या दारात एकवीस जनावरं उभी दिसतात, पण वंशाच्या दृष्टीने तो जेमतेम चार जनावरांचा कळप आहे. अशा कळपात दर पिढीला सगोत्रपणा, म्हणजे नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण, सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. दोन मेंढे ठेवले तर वाढ ७ टक्क्यांवर येते, तीन ठेवले तर ५ टक्क्यांच्या खाली. बापाने स्वतःच्या मुलीवर उडी मारली तर त्या एका कोकरात तो थेट २५ टक्के असतो. याचे परिणाम एका वर्षात दिसत नाहीत. आधी कोकरं जन्मतःच लहान होतात, मग काही मेंढ्या उशिरा लागतात, मग न्यूमोनियाने मरणारी कोकरं वाढतात, आणि मालक चाऱ्याला दोष देत बसतो.

जातीच्या संवर्धनात दर पिढीला एक टक्क्याची वाढ ही वरची मर्यादा धरतात. त्यासाठी परिणामकारक संख्या पन्नास लागते. एकट्याने ते जमणार नाही. पण वीस मेंढ्या आणि तीन मेंढे असे पाच कळप एकमेकांत नर फिरवायला तयार झाले, तर शंभर मेंढ्या आणि पंधरा मेंढे होतात आणि सूत्राचं उत्तर ५२ येतं. पाच घरं एकत्र आली की काम होतं. म्हणून पहिली मेंढी घेण्याआधी आजूबाजूच्या तालुक्यांत अशी आणखी चार माणसं शोधा. त्यात दोन तरी वाडे असू द्या.

घरच्या घरी तीन नरांचं वेळापत्रक कसं बसवायचं? तीन वाड्यांवरून आलेल्या मेंढ्यांच्या तीन ओळी धरा आणि कानाला लाल, निळा, पिवळा असे बिल्ले लावा. सरकारी बारा आकडी बिल्ला वेगळा. तोही लावून घ्याच, लसीकरणाची नोंद त्यावर होते. नियम एवढाच: मुलगी माहेरीच राहते आणि मुलगा सासरी जातो. लाल मेंढीची मादी-कोकरं लालच, पण लाल ओळीत जन्मलेला निवडक नर निळ्या मेंढ्यांना लावायचा, निळीतला पिवळ्यांना, पिवळीतला लालांना. कोणताही मेंढा एका ओळीत दोन हंगामांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, कारण तिसऱ्या हंगामात त्याच्याच मुली लागायला येतात. दोन हंगाम झालेला मेंढा म्हणजे ऐन भरातला, पारखलेला मेंढा. तो खाटकाला देऊ नका. तो वाड्यावर द्या, आणि बदल्यात त्यांच्याकडून दोन मादी-कोकरं किंवा एक नर-कोकरू घ्या. आमच्याकडे हा व्यवहार बहुतेक वेळा पैशांशिवाय होतो आणि दोन्ही बाजू खूश राहतात. मेंढा देण्याआधी आणि बाहेरचा आणण्याआधी ब्रुसेल्लाची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग गर्भपात घडवतो आणि माणसालाही होतो.

मेंढे वर्षभर कळपात मोकळे सोडले तर नोंदीला अर्थ राहत नाही. मेंढी दर सतरा दिवसांनी माजावर येते. सहा आठवडे प्रत्येक मेंढा आपापल्या ओळीसोबत रात्री वेगळ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या फिरत्या कोंडवाड्यात, ठेवला, तर प्रत्येक मेंढीला किमान दोन संधी मिळतात. दिवसा कळप एकत्र चरू द्या आणि मेंढे घरी बांधून वैरण घाला. मेंढ्याच्या पोटाखाली पोत्याचा तुकडा बांधून त्याला कळपातच नेण्याची जुनी पद्धतही चालते, पण रोज बांधणारं माणूस चोख हवं. आपल्या भागात पहिला पाऊस होऊन माळ हिरवा झाला की मेंढ्या आपोआप माजावर येऊ लागतात. जून-जुलैत भरलेली मेंढी पाच महिन्यांनी, नोव्हेंबर-डिसेंबरात विते. तेव्हा खरिपाची रानं मोकळी झालेली असतात, चिखल नसतो, तूर-भुईमुगाचा पाला असतो. भरवण्याच्या आधी तीन आठवडे प्रत्येक मेंढीला रोज २०० ग्रॅमच्या आसपास भरडलेला मका किंवा बाजरी दिली, तर त्या लवकर आणि एकाच सुमारास लागतात.

जुळ्यांबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून सांगते. दख्खनीला बहुधा एकच कोकरू होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. काम फार मोलाचं आहे, आणि बांधून, भरपूर चारा घालून मटणासाठी मेंढीपालन करणाऱ्याने तिचा जरूर विचार करावा. पण तुमच्या कळपात ती मिसळू नका. माळावर चालणाऱ्या मेंढीला दोन कोकरांचं दूध येत नाही, आणि ज्या रक्तरेषेसाठी हा खटाटोप चाललाय ती पुन्हा मिसळून जाईल. माडग्याळ मेंढा एकदाच लावून बघू, जास्त पैसे येतील, हा मोह तर पहिल्याच वर्षी होईल. लहान चणीच्या दख्खनी मेंढीला मोठ्या नराचं कोकरू अडतं, विशेषतः पहिलटकरणीला. रात्री दोन वाजता अडलेली मेंढी हातात घेतलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

शेडबद्दल. पैसे वाचवा. मेंढीला साधारण दहा चौरस फूट, मेंढ्याला पस्तीस आणि कोकराला चार चौरस फूट एवढी निवाऱ्याची जागा धरली की भागतं. तुमच्या कळपाला कोकरांसह चारशे-साडेचारशे चौरस फुटांचं छप्पर आणि त्याच्या दुप्पट मोकळं कुंपण पुरे. खाली मुरूम ठोका, सिमेंट नको. पाऊस ज्या बाजूने झोडपतो ती बाजू बंद आणि बाकीच्या कमरेवर मोकळ्या. चारही भिंती बंद करून ऊब देण्याच्या नादात मूत्राचा अमोनिया कोंडतो आणि फुप्फुसं जातात. दख्खनीला थंडी बाधत नाही, ऊन बाधत नाही. सततचा ओलावा बाधतो. जिथे पाणी साचत नाही अशी उंच जागा निवडा, बाकी छप्पर पत्र्याचं असो नाहीतर पाचटाचं.

जनावरांपासून राखण मात्र मनावर घ्या. तुमच्या माळावर लांडगा आहे, आणि तो असणं चांगलंच आहे. तो कायद्याने पूर्ण संरक्षित आहे. ऊसपट्ट्यालगत बिबट्याही येतो. वाड्यावर वाघर चालते, कारण तिथे माणसं आणि कुत्री कळपाला खेटून झोपतात. तुम्ही घरात झोपणार असाल तर रात्रीच्या कोंडवाड्याला सहा फूट जाळी आणि वरूनही जाळी हवी. लांडग्याने मेंढी मारली तर धड हलवू नका, वन विभागाला लगेच कळवा. पंचनामा झाला तर भरपाई मिळते. पारध्यांसारखे फास किंवा विष घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकायचा नाही.

चारा. तीस किलोची मेंढी दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा खाते. गावच्या माळावर सहा-सात तास चराई मिळाली तर पावसाळा ते संक्रांत फारसं विकत घ्यावं लागत नाही. जाण्याआधी माळाची मालकी तलाठ्याकडे बघून घ्या. गायरान वेगळं, वन विभागाचं क्षेत्र वेगळं. दुसऱ्यात चराई केली तर दंड होतो. आणि त्याच माळावर वाड्यांची नेहमीची वाट असेल तर त्यांच्याशी आधी बोला. ती वाट त्यांची आहे, पिढ्यांपासूनची. कुंपण घालून ती अडवली तर ज्यांच्यासाठी मेंढे तयार करायचेत तेच लोक तुमच्याशी बोलायचे नाहीत. बांधावर आत्ताच शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. उन्हाळ्यात हाच आधार. बाभळीच्या वाळलेल्या शेंगा गोळा करून पोती भरून ठेवा, इतकं चांगलं फुकटचं खाद्य दुसरं नाही. गुडघ्याएवढी कोवळी किंवा ताण बसलेली ज्वारी, तसंच कापणीनंतर फुटलेले ज्वारीचे फुटवे, यांच्यात कळप कधीही सोडू नका. किराळ, म्हणजे अशा ज्वारीतलं विष, लागली की अर्ध्या तासात मेंढ्या आडव्या होतात. क्षार मिश्रण घेताना मेंढ्यांसाठीचंच घ्या. गाईम्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं, ते मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि महिन्यांनंतर अचानक लघवी लाल होऊन मेंढी मरते. ही गोष्ट दुकानदारालाही बहुधा माहीत नसते.

गाभण काळातले शेवटचे सहा आठवडे महत्त्वाचे, कारण कोकराची बहुतेक वाढ तेव्हा होते. तेव्हा रोज २५० ग्रॅम खुराक द्या. व्याल्यावर पहिल्या तासाभरात कोकराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. तीन किलोच्या कोकराला दिवसभरात निदान ३०० मिलि चीक लागतो. नाळ आयोडिनमध्ये बुडवा. जार आठ-दहा तासांत पडला नाही तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. पहिलटकरीण कोकराला जवळ घेत नसेल तर दोघांना एक दिवस छोट्या कोपऱ्यात कोंडा, बहुतेक वेळा जमतं. तरीही सलग दोन वेळा जी मेंढी कोकरू टाकते ती कळपातून काढा, दिसायला कितीही सुंदर असली तरी.

नवी मेंढरं आणलीत की तीन ते चार आठवडे वेगळी ठेवा, जरी पहिलीच खेप असली तरी. तीन वाड्यांची मेंढरं एकमेकांसाठीही नवीच आहेत. लेंड्यांची तपासणी करून घ्या आणि निघेल त्या जंतांचंच औषध द्या. लसी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर घ्या. आंत्रविषाराची मे महिन्यात, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांनी बूस्टरसह. पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं ते याच रोगाने. घटसर्पाचीही पावसाआधी. पीपीआरची, म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या बुळकांडीची, चार महिन्यांच्या वरच्या सगळ्यांना, ती तीन वर्षं पुरते. देवीची दर वर्षी. लाळ्या-खुरकुताची सरकारी मोहिमेत. नीलजिव्हा चिलटांमुळे पसरतो, ओल्या वर्षात त्याचा जोर असतो. त्याच्या लसीचं आगाऊ विचारून ठेवा.

जंतांच्या औषधाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. दर दोन महिन्यांनी सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजणं बंद करा. त्याने औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला प्रत्येक मेंढीची पापणी उलटून बघा आणि फिकट पडलेलीलाच औषध द्या, मेंढीचा नंबर लिहून ठेवा. दोन वर्षांत वहीत स्वच्छ दिसतं की त्याच चार-पाच मेंढ्यांना पुन्हा पुन्हा औषध लागतंय. त्यांचे नर पैदाशीला ठेवायचे नाहीत. औषधाशिवाय टिकणाऱ्या आईचा मुलगा मेंढा म्हणून निवडा. वाड्याला असाच मेंढा हवा असतो, आणि वजनकाट्यावर तो ओळखता येत नाही.

लोकरीतून श्रीमंती येणार नाही. वर्षातून दोन कातरण्यांत एका मेंढीची अर्धा किलोच्या आसपास लोकर निघते, म्हणजे सगळ्या कळपाची दहा-बारा किलो. घाऊक व्यापाऱ्याकडे नेण्यासारखा हा मालच नाही. पण विणकरासाठी चांगला माल आहे. कातरण्याआधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवा आणि दोन दिवस स्वच्छ जागी सुकू द्या. कातरताना काळी वेगळी, करडी वेगळी, कुसळं अडकलेली वेगळी. कोकरांची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, कधीही इतर लोकरीत मिसळू नका. मऊ घोंगडीसाठी तिलाच मागणी असते. म्हसवडकडे अजून सनगर विणकरांची घरं आहेत. पिंजणं, चरख्यावर सूत काढणं, मागावर विणणं आणि चिंचोक्याची खळ लावणं, ही सगळी साखळी तिथे शाबूत आहे, पण हात म्हातारे झालेत. लोकर विकण्यापेक्षा मजुरी देऊन त्यांच्याकडून घोंगड्या विणून घ्या आणि तुम्ही स्वतः विका. गुडघे दुखणारे, जमिनीवर झोपणारे, वारीला जाणारे लोक खरी हातविणीची घोंगडी शोधत असतात आणि त्यांना बाजारात भेसळीच्याच मिळतात. वर्षाला तीन-चार घोंगड्या एवढाच हा व्यवहार असेल, पण त्यात विणकराला पुरेशी मजुरी द्या. तो विणायचा थांबला तर काळी लोकर कातरून फेकूनच द्यावी लागेल.

पैसे सुटतील का? वीस मेंढ्यांतून वर्षाला पंधरा-सोळा कोकरं जगून मोठी झाली तर चांगलं वर्ष समजा. त्यातले सात-आठ नर. दोन-तीन मेंढे म्हणून राखले की विकायला पाच उरतात. माद्या पहिली तीन वर्षं विकायच्याच नाहीत. तुमच्या जवळच्या बाजारातला पंधरा-सतरा किलोच्या जिवंत कोकराचा भाव धरून हिशेब करा; खुराक, औषध आणि राखणदाराची मजुरी वजा केली की फार थोडं उरतं, मजुरी घरची धरली तरच बरं दिसतं. लेंडीखत मात्र हिशेबात जरूर धरा. एक मेंढी रात्रभरात साधारण अर्धा किलो लेंड्या टाकते. वाघर दर दोन-तीन रात्रींनी सरकवत चार एकरांत फिरवली तर रासायनिक खताचा खर्च निम्म्यावर येतो आणि जिरायत जमिनीत ओल धरायला लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून पारखलेल्या मेंढ्याला खाटकापेक्षा चांगला भाव देणारे लोक सापडतात, पण ते नोंदवही बघून देतात, तुमच्या शब्दावर नाही. तेव्हा हा घर चालवणारा धंदा नाही. नोकरी किंवा शेतीच्या जोडीला स्वतःचा खर्च काढून चार पैसे देणारं काम आहे, आणि कर्ज काढून करू नये.

अनुदानाचं विचारलंत. महामेष योजना भटक्या जमाती क प्रवर्गातल्या मेंढपाळांसाठी आहे, तिथे ७५ टक्के अनुदान मिळतं. तुम्ही त्या प्रवर्गात असाल तर पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. अर्ज मंजूर झाला तर गटातली जनावरं बिल्ले मारण्याआधी स्वतः बघा आणि काळी दख्खनीच मागा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं, म्हणजे सरकारी पैदास केंद्रं, माण तालुक्यात दहिवडीला आणि सांगोल्याकडे महूदला आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठातही दख्खनीवर काम झालेलं आहे. मेंढा तिथूनही मिळू शकतो, पण आईची माहिती विचारूनच घ्या.

या वर्षी वीस आणू नका. दहा मेंढ्या आणि दोन मेंढे आणा, तेही तीन नाही तर निदान दोन वाड्यांवरून. एक पावसाळा, एक वीत आणि एक उन्हाळा काढा. उन्हाळ्यात किती चारा विकत घ्यावा लागला आणि राखणीला खरोखर कोण उठलं, यावरून पुढच्या दहा मेंढ्यांचं ठरवा. वाडे पावसाळ्यात गावात असतात. तेव्हा जाऊन दोन-तीन कळप नुसते बघून या, पैसे घेऊन जाऊ नका. बघताना नर-कोकरांवर नजर ठेवा. आई काळी, काटक आणि जुळल्या दातांची असून अजून दर वर्षी वेळेवर विणारी असेल, तर तिचं कोकरू खाटकाला देण्याआधी मला सांगा, एवढा शब्द मेंढपाळाकडे टाकून या.